पेशीचा सांगाडा आला कुठून?

जखमेत शिरलेल्या जिवाणूच्या मागे लागलेली पांढरी पेशी क्षणोक्षणी आकार बदलते. पुढचा काठ लांबवते, मागचा भाग ओढून घेते. हे तिला जमतं ते आतल्या प्रथिनांच्या धाग्यांमुळे. ॲक्टिनचे धागे जेमतेम 7 नॅनोमीटर जाड, तर ट्यूब्युलिनच्या पोकळ नळ्या 25 नॅनोमीटरच्या. सुटे रेणू जुळून धागा बनतो, काम झालं की पुन्हा सुटा होतो. असा सांगाडा फक्त केंद्रक असलेल्या पेशींत असतो, जिवाणूंत नाही, असं कित्येक वर्षं शिकवलं जात होतं.

जिवाणूंतले नातलग

1991 मध्ये बी आणि लुटकेनहॉस या संशोधकांना ई. कोलाय जिवाणूत, तो दुभंगतो नेमक्या त्या जागी, एफटीएसझेड या प्रथिनाचं कडं दिसलं. 1998 मध्ये यान ल्योवे आणि लिंडा ॲमॉस यांनी या प्रथिनाची त्रिमितीय रचना उलगडली. त्याच वेळी ट्यूब्युलिनची रचनाही प्रसिद्ध झाली आणि साम्य लपण्यासारखं नव्हतं. अमिनो आम्लांचा क्रम काळाच्या ओघात बहुतांशी बदलून गेला होता, रेणूची घडी मात्र तीच राहिली होती. 2001 मध्ये ॲक्टिनचाही नातलग सापडला: दंडगोलाकार जिवाणूंचा आकार राखणारं एमआरईबी.

कामांची अदलाबदल

मला या गोष्टीतला सगळ्यात विलक्षण भाग हा वाटतो. आपली पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन टोकांना नेण्याचं काम ट्यूब्युलिनच्या नळ्यांचं, आणि मधोमध आवळून तिचे दोन भाग करणारं कडं ॲक्टिनचं. जिवाणूंत नेमकं उलटं. तिथं आवळणारं कडं ट्यूब्युलिनच्या नातलगाचं असतं, तर काही प्लाझ्मिडांच्या, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनएच्या, प्रती ॲक्टिनच्या कुळातलं पारएम दोन टोकांना ढकलतं. म्हणजे टिकून राहिला तो धागा विणण्याचा गुण. त्या धाग्याकडून काय करून घ्यायचं, हे ज्या त्या वंशानं आपापलं ठरवलं. वनस्पतींतली हरितलवकं मूळची जिवाणूच. ती आजही एफटीएसझेडच्या कड्यानंच दुभंगतात.

समुद्रतळावरचा दुवा

2015 मध्ये नॉर्वे आणि ग्रीनलंडच्या दरम्यान, ‘लोकीज कॅसल’ या उष्ण झऱ्यांजवळच्या गाळातल्या डीएनएवरून लोकी आर्किया हे जिवाणूंहून वेगळे, केंद्रक नसलेले सूक्ष्मजीव उजेडात आले. त्यांची ॲक्टिनची जनुकं जिवाणूंतल्या नातलगांपेक्षा आपल्या ॲक्टिनशी कितीतरी जवळची निघाली. पण प्रत्यक्ष जीव कुणी पाहिला नव्हता. जपानी संशोधकांनी असा एक आर्किया वाढवला, त्याला बारा वर्षं लागली. त्याची संख्या दुप्पट व्हायलाच 14 ते 25 दिवस लागतात! पुढे स्लोव्हेनियाच्या किनाऱ्यावरच्या गाळातला त्याचा भाऊबंद गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहिला, तेव्हा इवल्याशा गोल शरीरातून लांब, फाटे फुटलेले हात बाहेर आलेले दिसले. हातांच्या आत ॲक्टिनचे धागे होते. केंद्रक मात्र कुठेच नव्हतं. माझ्या मते हे चित्र निर्णायक आहे: सांगाडा आधी, केंद्रक नंतर.

मग नवं काय?

धाग्यांवरून माल वाहणारी मायोसिन, कायनेसिन आणि डायनीन ही प्रथिनं. गुंतागुंतीच्या पेशीची खरी कमाई हीच. अर्थात तीही शून्यातून आलेली नाहीत. मायोसिन आणि कायनेसिन यांचा गाभा एकसारखा आहे, तेव्हा दोघांचा पूर्वज एकच असावा. आणि डायनीन ज्या विशाल प्रथिनकुळातलं आहे, त्यातली कितीतरी प्रथिनं जिवाणूंतही आहेत.