भिंतीतली ओल आणि दहा वर्षांची मुदत

न्यूझीलंडला पाऊस नवा नाही आणि लाकडी घरेही नवी नाहीत. तरी 1990 च्या दशकात तिथे बांधलेली हजारो घरे आतून कुजली. ‘लीकी होम्स’ या नावाने ती ओळखली जातात. बाहेरून देखणी: गुळगुळीत गिलावा, सपाट छप्पर, वळचण जवळजवळ नाहीच. खिडकीच्या कडेला एखादी फट राहिली की पाणी भिंतीत शिरायचे आणि त्याला बाहेर पडायला वाट नसायची. त्यातच सांगाड्यासाठी रसायनप्रक्रिया न केलेले पाइनचे लाकूड वापरण्याची मुभा त्याच दशकात मिळाली. 1991 च्या बिल्डिंग ॲक्टने बांधकामाचे नियम सैल केले आणि तपासणीचे काम खासगी प्रमाणकांनाही दिले. सरकारसाठी 2009 मध्ये प्राइसवॉटरहाउसकूपर्सने केलेल्या अभ्यासात बाधित घरांचा अंदाज सुमारे 42,000 आणि नुकसानीचा 11.3 अब्ज न्यूझीलंड डॉलर होता.

या संकटातला सर्वांत क्रूर भाग म्हणजे ते दिसते फार उशिरा. रंगाला फुगा येईपर्यंत, कोपऱ्यात बुरशीचा वास येईपर्यंत आतले लाकूड बोटाने चुरडता येईल इतके मऊ झालेले असते. कायदा मात्र घरमालकाला कधी कळले हे न पाहता दिवस मोजतो. बांधकामातल्या ज्या कृतीमुळे वा हयगयीमुळे नुकसान झाले, तिला दहा वर्षे झाली की दिवाणी दावा करता येत नाही, मग दोष अकराव्या वर्षी का उघडा पडेना.

अशा घरमालकांना साध्या कोर्टापेक्षा स्वस्त आणि जलद मार्ग मिळावा म्हणून 2002 मध्ये आणि नंतर 2006 मध्ये खास कायदे झाले. दुसऱ्या कायद्यातून 2007 मध्ये वेदरटाइट होम्स ट्रायब्युनल उभे राहिले. पण आत जायचे तर आधी घर पात्र ठरायला हवे होते आणि त्यातली एक अट अशी होती, की घर अर्जाआधीच्या दहा वर्षांत ‘बांधलेले’ असावे. पात्रता सरकारी खाते ठरवत असे, नाकारलेला अर्जदार फेरविचारासाठी ट्रायब्युनलच्या अध्यक्षांकडे जात असे. तिथेही नकार आला तर उरत असे न्यायिक पुनर्विलोकनाचा मार्ग.

हे अपील नव्हे. न्यायाधीश भिंत किती कुजली, दुरुस्तीला किती खर्च येईल, हे पाहत नाहीत. निर्णय देणाऱ्याने कायदा बरोबर वाचला का, अर्जदाराला नीट ऐकले का, गैरलागू गोष्टींवर भर दिला का, एवढेच तपासतात. वाट अरुंद आहे, पण उशिरा आलेल्या दाव्यांमध्ये सगळा वाद एका शब्दाच्या अर्थावर अडलेला असतो, तिथे तीच उपयोगी पडते.

ऑकलंडच्या एका घराच्या प्रकरणात तेच झाले. मालकांचा अर्ज 2007 चा. प्रत्यक्ष बांधकाम दहा वर्षांच्या मर्यादेबाहेर, पण कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, बांधकाम नियमांनुसार झाल्याचा दाखला दिला तो मर्यादेच्या आत. आपल्याकडच्या भोगवटा प्रमाणपत्राच्या जवळ जाणारा हा कागद. मग घर ‘बांधले’ केव्हा? शेवटचा खिळा ठोकला तेव्हा, की दाखल्यावर सही झाली तेव्हा? खालच्या पायऱ्यांवर मालकांच्या विरोधात गेलेला हा प्रश्न 2014 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे आला आणि कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला. दाखला देणे हीही कौन्सिलची कृती आहे आणि तिच्यापासून दहा वर्षे झाली नसतील तर कोर्टात दावा चालतो. तसे असताना खास घरमालकांसाठी उघडलेले दार त्याच दाव्याला बंद ठेवण्यात अर्थ नाही, असे या निकालाचे तर्कशास्त्र. ते योग्यच होते. लोकांना मदत व्हावी म्हणून केलेला कायदा साध्या कायद्यापेक्षा कंजूष वाचला गेला, तर तो केलाच कशाला?

2016 मध्ये व्हांगरेईच्या कौन्सिलविरुद्धच्या प्रकरणातही सुप्रीम कोर्टाने घरमालकाला सावरले. घराच्या तपासणी अहवालासाठी अर्ज केला की मुदतीचे घड्याळ थांबते आणि हा लाभ पुढे ट्रायब्युनलऐवजी कोर्टात जाणाऱ्यालाही मिळतो, असे ठरले.

या सगळ्यात कौन्सिलच का पकडल्या जातात, असा प्रश्न पडेल. बिल्डरच्या कंपन्या तोवर गुंडाळलेल्या असतात, कौन्सिल जागेवर असते. तपासणीत हयगय झाली तर कौन्सिल घरमालकाला जबाबदार आहे, हे हॅम्लिन नावाच्या घरमालकाच्या खटल्यात ठरले आणि तेव्हा देशाचे अंतिम अपील न्यायालय असलेल्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने 1996 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. इतर दोषींकडून वसुली झाली नाही तर पूर्ण भरपाई एकट्या कौन्सिलकडून, म्हणजे शहरातल्या करदात्यांकडून, घेता येते.

2006 च्या कायद्याचे दार 1 जानेवारी 2012 पूर्वी बांधलेल्या घरांनाच खुले होते, त्यामुळे नव्या अर्जांचा काळ आता सरला आहे. आणि 2025 मध्ये सरकारने जाहीर केले, की यापुढे प्रत्येकाने आपापल्या दोषापुरतेच पैसे द्यावेत अशी पद्धत आणायची. ती आली, तर दिवाळे निघालेल्या बिल्डरचा वाटा विमा किंवा हमी योजनेतून भरावा लागेल. तशी सोय नसेल तिथे तो घरमालकाच्याच अंगावर पडेल.