दाढेखाली सेन्सर ठेवला म्हणजे चावा मोजला?

इंजिनीअरिंग कॉलेजांच्या प्रकल्प-प्रदर्शनात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "सर, बाहेरचं मशीन लाखाच्या घरात आहे, आम्ही तेच हजारात केलं." टेबलावर एक आर्डुइनो (छोटा संगणकीय बोर्ड), त्याला जोडलेला नखाएवढा चपटा सेन्सर आणि छोटासा पडदा. सेन्सर दाढेखाली धरा, चावा आणि पडद्यावरचे न्यूटन वाचा. परीक्षक खूश, बक्षीस पक्कं. स्वस्त यंत्र हवंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण सेन्सर स्वस्त मिळाला की मोजमापही स्वस्तात झालं, हा समज काही केल्या जात नाही.

त्या सेन्सरला एफएसआर म्हणतात. त्यावर दाब पडला की त्याचा विद्युतरोध कमी होतो. बोट टेकलं की नाही, जोरात टेकलं की हलकं, एवढं ओळखायला तो झकास आहे. आता आकडे बघा. इंटरलिंक कंपनीच्या एफएसआर 402 च्या माहितीपत्रकात त्याचा पल्ला सुमारे 0.2 ते 20 न्यूटन दिला आहे. धडधाकट तरुण माणूस एका बाजूच्या पहिल्या दाढेवर पूर्ण ताकदीने चावला, तर साधारण 300 ते 600 न्यूटन भरतात, म्हणजे 30 ते 60 किलोंचा भार. अचूक मोजमापासाठी हा सेन्सर वापरू नये, असं कंपनीच स्वतःच्या मार्गदर्शिकेत सांगते. माहितीपत्रक वाचायचे मात्र पैसे पडत नाहीत.

"मग फ्लेक्सीफोर्स लावू," असं लगेच उत्तर येतं. ठीक. हा दुसरा पातळ सेन्सर जास्त भार सोसतो, जाडी जेमतेम 0.2 मिलिमीटर, आणि चावा मोजण्यासाठी संशोधकांनी तो वापरलेलाही आहे. पण टेबलावर त्याची परीक्षा सपाट वजन ठेवून होते आणि तोंडात गाठ पडते ती दाढेशी. दाढ सपाट नसते, तिला उंचवटे असतात. सगळा जोर दोन-तीन टोकांवर एकवटला की तेवढ्याच जोराला सेन्सर वेगळा आकडा दाखवतो, आणि थोड्याच चाव्यांत त्याला खड्डे पडतात. म्हणून दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या लागतात. उघड्या धातूवर दात आवळायला माणूस कचरतो, म्हणून वर रबराचा थर लागतो. एवढं करेपर्यंत तो 0.2 मिलिमीटरचा सेन्सर चांगला जाडजूड झालेला असतो.

खरं तर स्वस्त आणि भरवशाचा मार्ग जुनाच आहे. स्टीलचा दोन पात्यांचा चिमटा, पात्यांवर चिकटवलेले स्ट्रेन गेज (पातं वाकलं की विद्युतरोध बदलणाऱ्या पट्ट्या) आणि त्यांचे संकेत आकड्यांत बदलणारी एचएक्स711 ही चिप. डिजिटल वजनकाट्यातही मामला हाच असतो. चिप स्वस्तच आहे. खर्च होतो तो पाती नीट घडवण्यावर, लाळ आत शिरू न देण्यावर आणि कॅलिब्रेशनवर. चिपमध्येही एक मेख आहे: बाजारात मिळणारं तयार मॉड्यूल बहुधा सेकंदाला 10 नोंदी घेतं. दात आवळून धरण्याचा जोर त्यात सापडतो. घास चावताना दात क्षणार्धच भिडतात, तो जोर निसटतो. सेकंदाला 80 नोंदींची सोय त्याच चिपमध्ये आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते.

आणि कॅलिब्रेशन म्हणजे एक वजन ठेवून आकडा जुळवणं नव्हे. वजनमापं खात्याचा शिक्का असलेली वजनं एकेक करून चढवायची, तशीच उतरवायची आणि दोन्ही वेळचे आकडे मिळतात का ते पाहायचं. भार मिनिटभर तसाच ठेवून आकडा सरकतो का ते बघायचं. हे सगळं खोलीच्या तापमानाला आणि पुन्हा 37 अंशांना. बक्षीस मिळवलेल्या किती प्रकल्पांनी हे केलेलं असतं?

शिवाय निम्मा घोळ यंत्रात नसतोच, तोंडात असतो. चावण्याचे स्नायू सर्वाधिक जोर लावतात ते पुढच्या दातांमध्ये साधारण 15 ते 20 मिलिमीटर अंतर असताना. यंत्राच्या जाडीप्रमाणे हे अंतर बदलतं, त्यामुळे पातळ सेन्सरवरचा आकडा आणि जाड चिमट्यावरचा आकडा शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. पटाशीच्या दातांवर जोर दाढेपेक्षा बराच कमी भरतो, आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावल्यास एका बाजूपेक्षा जास्त. पातळ सेन्सर मात्र मोडीत काढू नका. गुटख्यामुळे सबम्यूकस फायब्रोसिस होऊन ज्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्याच्या दाढेपर्यंत जाड चिमटा पोचणारच नाही.

बाकीचे समज झटपट. "माणसाचा चावा 162 पीएसआय": पीएसआय हे दाबाचं एकक आहे, जोराचं नव्हे. किती क्षेत्रफळावर, हे सांगितल्याशिवाय तो आकडा निरर्थक. "टी-स्कॅन यंत्र चाव्याचा जोर मोजतं": ते कोणत्या दातावर किती टक्के भार आणि कधी, हे दाखवतं, न्यूटन नव्हे. "जोर जास्त तितके दात निरोगी": गिब्ज आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये एका माणसाचा 4337 न्यूटनांचा चावा नोंदवला, आणि त्याच शोधनिबंधानुसार दात खाण्याची सवय असलेल्यांपैकी काहींचा जोर इतरांच्या सहापट असू शकतो. दातांसाठी ही चांगली बातमी नाही. "कवळी बसली की पूर्ववत चावता येतं": पूर्ण कवळीवर जोर नैसर्गिक दातांच्या साधारण पाव हिश्शाएवढाच असतो. "चावा मोजणं हे हल्लीचं फॅड": इटलीच्या बोरेल्लीने सतराव्या शतकातच खालच्या दाढांवरून दोरीने वजनं टांगून हे मोजलं होतं.

मग हजाराच्या यंत्राचा उपयोग काय? भरपूर. जबड्याचं हाड मोडून प्लेट बसवलेल्या रुग्णाचा जोर आठवड्याआठवड्याला कसा परततोय, हे एकाच यंत्रावर, एकाच दाढेवर, एकाच पद्धतीने मोजलं तर स्वस्त यंत्रही डॉक्टरांच्या कामाचं ठरतं. प्रकल्प करणाऱ्यांना एवढीच विनंती: पडद्यावरच्या आकड्याशेजारी कोणती दाढ, एक बाजू की दोन्ही, यंत्राची जाडी आणि किती किलोंपर्यंत कॅलिब्रेशन केलं, हे लिहा. दर रुग्णाला नवं आवरण वापरा. रुग्णाच्या तोंडात वायर असताना चार्जरला लावलेला लॅपटॉप जोडू नका, यंत्र बॅटरीवर चालवा. आणि ते दवाखान्यांना विकायचा विचार असेल, तर आधी वैद्यकीय उपकरण नियम, 2017 वाचा.