अंक फुकट, तरी वर्गणी रोख!

मु. पो. मलकापूर, ता. शाहूवाडी, जि. कोल्हापूर. पत्ता असा शेपटापर्यंत लिहावा लागतो, कारण महाराष्ट्रात मलकापूर एकच नाही. एक बुलढाण्याचं, रेल्वे स्टेशनवालं. एक कराडला खेटून असलेलं. आणि हे आपलं, कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटाच्या अलीकडचं. टपालानं मासिक मागवणारा जिल्हा लिहायचा विसरला, तर दिवाळी अंक विदर्भ बघून यायचा! १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला आणि असले बरेच घोळ मिटले. तो काढणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवीही होते. आकडे आणि वृत्तं, दोन्हींत मात्रा चुकून चालत नाही.

आता खरा प्रश्न. सलूनमध्ये पेपर आहे, चहाच्या टपरीवर पेपर आहे, व्हॉट्सॲपवर तर पहाटेच पीडीएफ येऊन पडते. मग इथला एखादा माणूस पुण्या-मुंबईच्या मासिकाला वर्षाचे पैसे आगाऊ का पाठवतो?

माझं म्हणणं सरळ आहे. बातमीसाठी कोणी हौसेनं पैसे देत नाही. जे बंद पडलं तर आपल्याला चुकल्यासारखं होईल, त्याला माणूस पैसे देतो. पटत नसेल तर पुढचे मासले बघा.

नांगर घ्या, मासिक वाचा

मराठीतलं एक गाजलेलं मासिक सुरू झालं ते कारखान्याचं माहितीपत्र म्हणून. १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. संपादक शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि. कारखाना लोखंडी नांगरांचा, आणि हे पत्र त्याच्या गिऱ्हाइकांसाठी. म्हणजे आज कंपन्या ई-मेलनं जे पाठवतात आणि आपण न उघडता पुसून टाकतो, तेच! पण हे लोकांनी पुसलं नाही. त्यात नांगराशिवाय बाकीचंही बरंच वाचायला मिळायला लागलं आणि १९२९ मध्ये नावातली ‘खबर’ गळून नुसतं ‘किर्लोस्कर’ उरलं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. जाहिरातीच्या कागदासाठी लोक पदरचे पैसे मोजायला लागले, याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठल्या संपादकाला मिळायचं? शंवाकि मुळात चित्रकलेचे विद्यार्थी. अंक आधी डोळ्यांना आवडावा लागतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

बरवे प्रकरण आणि नाटकाची तिकिटं

‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ ला निघाला आणि दीड वर्षात संपादक तुरुंगात. कारण कोल्हापूरचंच. संस्थानचे कारभारी माधवराव बरवे यांच्याविरुद्ध छापलेल्या मजकुरावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला. टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. गंमत बघा, छापलेला पुरावा बनावट निघाला, तरी वाचक पाठ फिरवून गेले नाहीत. उलट बचावासाठी निधी उभा राहिला आणि त्यासाठी विद्यार्थ्यांनी नाटकं केली. अंकाची किंमत वेगळी, खटल्याची वेगळी. वाचकांनी दोन्ही भरल्या.

अडीच हजार रुपये

तोच ‘केसरी’ पुढे वेगळा वागला. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेब आंबेडकरांचं पाक्षिक ‘मूकनायक’ निघालं. त्याची जाहिरात पैसे देऊन छापून घ्यायची तयारी असतानाही ‘केसरी’नं ती घेतली नाही. इकडे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ‘मूकनायक’साठी अडीच हजार रुपये दिले. त्या काळात ही रक्कम दणदणीत होती. शिवाय त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावच्या अस्पृश्य परिषदेला महाराज स्वतः हजर राहिले.

पण राजाश्रयावर पत्र सुरू होतं, टिकत नाही. ‘मूकनायक’ १९२३ मध्ये थांबलं. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ आलं, तेव्हा बाबासाहेब जवळजवळ एकहाती रकाने भरत होते आणि ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांच्याच खिशात वर्गणीला पैसे नव्हते. ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ हे त्यांच्या अग्रलेखाचं शीर्षकच घ्या. हा वाचकासमोर सरळ मांडलेला हिशेब आहे. आजच्या ‘आम्हाला पाठबळ द्या’वाल्या चौकटी त्यापुढे फारच मिळमिळीत वाटतात.

नाणं गेलं, दर राहिला

नोंदणीकृत नियतकालिकाच्या हलक्या अंकाला टपाल खातं कित्येक वर्षं २५ पैसे घेत आलं. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ ला चलनातून गेलं. त्यानंतरही दरपत्रकात २५ पैसे होतेच. पत्र पाठवायला लागतात त्याच्या कितीतरी कमी पैशांत अख्खं मासिक घाट ओलांडून जायचं. गावोगावच्या वर्गणीदारांच्या जिवावर जगलेल्या मराठी मासिकांचा खरा आश्रयदाता हा दर होता. त्याचा फोटो मात्र कुठल्याच अंकात छापून आला नाही.

दारात आलेलं बिल

व्ही. पी. म्हणजे पोस्टमन पुडकं घेऊन दारात उभा, पैसे द्या आणि घ्या. ही सोय आपल्याकडे १८७७ पासून. मनीऑर्डर तिच्या मागून, १८८० मध्ये आली. मासिकं जुन्या वर्गणीदाराला कळवून टाकायची: नको असल्यास आधी कळवा, नाहीतर पुढचा अंक व्ही. पी.नं येईल. ‘नको’ म्हणून कार्ड कोण टाकत बसणार? वर्गणी आपोआप चालू राहायची. मोबाइलवरची ॲपं आज हेच करतात आणि आपण त्याला नवा शोध समजतो. फरक एवढाच की ॲप न विचारता पैसे कापतं आणि पोस्टमन निदान हाक मारायचा. व्ही. पी. परत आली की टपालखर्च संपादकाच्या डोक्यावर, ही त्यातली काळी बाजू.

एकही पान न बघता

२०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘डे कॉरेस्पॉन्डेंट’ नावाच्या पत्रासाठी सुमारे पंधरा हजार लोकांनी आठ दिवसांत दहा लाख युरो दिले. तेव्हा एकही अंक निघालेला नव्हता. जगभर वाहवा झाली. आपल्याकडे श्रीधर व्यंकटेश केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी कंपनी काढून, गावोगाव फिरून, न छापलेल्या खंडांसाठी लोकांकडून पैसे उभे केले. २३ खंड निघालेही! युरोपात बातमी झाली, आपल्याकडे केतकरांची दमछाक झाली.

दुसरं टोकही आहे. १९५० च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक काढलं ते सायक्लोस्टाइल करून. कागद साधा, शाई फुटलेली, वाचक मोजके. पण हे अंक जपून ठेवणारे निघाले, आणि त्या काळची कित्येक खपाऊ मासिकं रद्दीत गेली.

कोल्हापूरकर फुकट वाचतात का?

वाचतात की! करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी देशातला पहिला कायदा १९४५ साली केला तो कोल्हापूर संस्थानानं. मुंबईसुद्धा मागे होती. वाचनालयामुळे खप बुडतो अशी तक्रार मी ऐकली आहे. मला ती पटत नाही. वाचनालयात तीनदा हात रिकामा परत आला, ‘अंक बाहेर गेलाय’ असं ऐकलं, की माणूस चरफडत स्वतःची वर्गणी भरतो. दिवाळी अंकांचंही तेच. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हे अंक उसने फिरतायत आणि विकतही घेतले जातायत.

ब्रिटनच्या ‘गार्डियन’नं वेबसाइटला कुलूप घातलं नाही, वाचायला सगळं मोकळं. तरी २०१८ पर्यंत दहा लाखांवर वाचकांनी पैसे दिले होते. आपल्या गणेश मंडळाच्या पावतीसारखंच आहे हे: आरतीला सगळे येतात, पावती काही जण फाडतात, आणि पावती नाही म्हणून प्रसाद कोणाला नाकारत नाहीत.

आजीव वर्गणीदार नावाचं प्रकरण

मराठी मासिकांनी स्वतःच्या पायावर मारून घेतलेली कुऱ्हाड म्हणजे आजीव वर्गणी. छापखान्याचं बिल भागवायला एकरकमी काही शे रुपये घ्यायचे आणि मग जन्मभर अंक पाठवत राहायचं. कागद महागला, छपाई महागली. आजीव वर्गणीदार मात्र ठणठणीत. मग कोणी ‘आजीव म्हणजे पंधरा वर्षं’ असं जाहीर करून टाकलं, तर कोणी योजनाच गुंडाळली. तरी काही आजीव वर्गणीदार ‘आमचे पैसे कधीच फिटले’ अशी चिठ्ठी जोडून दरवर्षी चेक पाठवतात. हा चेक कुठल्या खात्यावर मांडायचा, यावरून मग हिशेबनीस आणि संपादकाची जुंपते.