प्रथिनविघटन आणि प्रतिलेखनाचे नियंत्रण

जनुकातील डीएनएवरून आरएनए तयार होण्याच्या क्रियेस प्रतिलेखन म्हणतात. कोणत्या जनुकाचे प्रतिलेखन केव्हा व्हावे, हे डीएनएला चिकटणारी नियामक प्रथिने ठरवितात. ही प्रथिने किती निर्माण होतात याइतकेच ती किती लवकर मोडली जातात, यालाही महत्त्व आहे. मोडावयाच्या प्रथिनाला यूबिक्विटीन या लहान प्रथिनाची साखळी जोडली जाते. अशी खूण झालेल्या प्रथिनाचे प्रोटिॲसोम या पिंपाच्या आकाराच्या संरचनेत तुकडे होतात. यूबिक्विटीनाच्या या कार्याच्या शोधाबद्दल चीखानोव्हर, हर्श्को व रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

विघटनाची यंत्रणा समान असली, तरी परिणाम कोशिकेच्या प्रकारानुसार बदलतो. कारण प्रत्येक प्रकारात डीएनएचे निराळे भाग प्रतिलेखनास खुले असतात. ऑक्सिजन पुरेसा असताना एचआयएफ हे नियामक प्रथिन सतत मोडले जाते. ऑक्सिजन कमी पडताच ते टिकून राहते व मूत्रपिंडातील विशिष्ट कोशिकांत एरिथ्रोपोएटिनाचे, तर इतरत्र रक्तवाहिन्यांची वाढ घडविणारे जनुक कार्यान्वित करते.

ही यंत्रणा व्हायरसाच्या हाती गेल्यास काय होते, ते गर्भाशय-ग्रीवेच्या कर्करोगात दिसते. डीएनएला इजा झाली असता कोशिकाविभाजन थांबविणारी जनुके पी५३ हे प्रथिन कार्यान्वित करते. निरोगी कोशिकेत ते अल्पायुषी असते. इजा झाल्यावरच त्याचा संचय होतो. मानवी पॅपिलोमा व्हायरसाच्या १६ व १८ या प्रकारांचे ई६ प्रथिन कोशिकेच्याच एका एंझाइमाकरवी पी५३ ला यूबिक्विटिनाची खूण करविते. ई७ हे दुसरे प्रथिन विभाजनाच्या जनुकांना आवर घालणाऱ्या आरबी प्रथिनाचा असाच नाश घडविते. म्हणजे पी५३ चे जनुक बहुधा शाबूत असते, त्याचा आरएनएही तयार होतो. पण प्रथिन हाती उरत नाही.

निलंगा तालुका १९८२ पर्यंत ज्यात होता त्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचा त्यात सहभाग होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, व्हायरसाच्या डीएनएची चाचणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण तपासणीचा कार्यक्रम न राबविलेल्या गटाच्या सुमारे निम्मे आढळले. कोशिकांची सूक्ष्मदर्शकीय तपासणी व ॲसिटिक अम्ल लावून केलेली पाहणी यांनी मृत्यूंत तशी लक्षणीय घट झाली नाही. तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणीपासून दूर ठेवल्याबद्दल या अभ्यासावर पुढे टीका झाली, व ती अनाठायी म्हणता येत नाही.