मेरीलँडचे कॅथॉलिक पुढारी

अमेरिकेतील धर्मस्वातंत्र्याचा विषय निघाला की न्यू इंग्लंडच्या प्यूरिटनांची कथा सांगण्याचा प्रघात आहे. तो आम्हांला फारसा मान्य नाही. प्यूरिटनांनी आपल्यापुरते स्वातंत्र्य मिळवले आणि इतरांना ते नाकारले. ज्यांना या प्रश्नाचा खरा गुंता पाहावयाचा असेल त्यांनी चेसापीक उपसागराच्या काठी असलेल्या मेरीलँड या लहानशा राज्याकडे वळावे. तेथे एका छळल्या गेलेल्या अल्पसंख्य पंथाच्या हाती सत्ता आली, ती गेली, आणि पुढे काही वेगळ्याच रूपाने परत आली.

सतराव्या शतकातील इंग्लंडात कॅथॉलिक माणसाला राजदरबारी उघडपणे स्थान नव्हते. जॉर्ज कॅल्व्हर्ट हा पहिल्या जेम्स राजाचा सचिव. पण १६२५ साली त्याने आपण कॅथॉलिक असल्याचे जाहीर केले आणि पद सोडले. राजाची मर्जी मात्र टिकून राहिली व त्याला लॉर्ड बाल्टिमोर ही पदवी मिळाली. पुढे पहिल्या चार्ल्सने अमेरिकेतील जमिनीची सनद दिली ती १६३२ च्या जूनमध्ये. दोनच महिने आधी जॉर्ज वारला होता, म्हणून ती त्याचा मुलगा सिसिल याच्या नावे झाली. एवढ्या अफाट मुलखाच्या बदल्यात राजाला वर्षाकाठी काय द्यावयाचे? तेथील मूळ रहिवाशांचे दोन बाण, आणि सोनेरुपे सापडलेच तर त्याचा पाचवा हिस्सा! जहागिरदारी याहून स्वस्त क्वचितच मिळाली असेल.

१६३४ च्या मार्चमध्ये ‘आर्क’ व ‘डव्ह’ ही दोन जहाजे तेथे पोचली. मालक कॅथॉलिक, पण वसाहतकऱ्यांत प्रॉटेस्टंटांची संख्या आरंभापासूनच मोठी. सिसिल धूर्त होता. त्याने आपल्या माणसांना बजावले होते की, कॅथॉलिकांनी उपासना शक्य तितकी खाजगी ठेवावी आणि धर्मावर वाद घालू नये. इंग्लंडात राजा व पार्लमेंट यांचे युद्ध पेटले तेव्हा त्याने प्रॉटेस्टंट गव्हर्नर नेमला, आणि १६४९ साली वसाहतीच्या विधिमंडळाने धर्मविषयक कायदा केला. येशू ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणाऱ्या कोणासही धर्मासाठी त्रास देऊ नये, असे त्यात होते. शेजाऱ्याला ‘पाखंडी’, ‘प्यूरिटन’, ‘जेझुइट’ अशी नावे ठेवून हिणवणाऱ्यास दहा शिलिंग दंड! मात्र त्याच कायद्यात पवित्र त्रयी नाकारणाऱ्यास देहदंड होता. म्हणजे सहिष्णुतेचे अंगण ख्रिस्ती कुंपणापाशी संपत होते.

या कायद्याची दुसरी उणीव अशी की, तो ज्याच्या आश्रयावर उभा होता तो मालक दुबळा झाला की कायदाही दुबळा. १६५४ साली प्यूरिटन सत्तेवर येताच त्यांनी तो मोडला आणि कॅथॉलिकांचे संरक्षण काढून घेतले. कॅल्व्हर्टांची सत्ता काही वर्षांनी परत आली; पण इंग्लंडातील क्रांतीचे वारे १६८९ मध्ये येथे पोचले, प्रॉटेस्टंटांनी उठाव केला आणि घराण्याच्या हातून कारभार गेला. १७०४ पासून कॅथॉलिकांना उघड उपासना बंद झाली. घरातल्या प्रार्थनामंदिरात काय ती मुभा. १७१८ मध्ये मताचा हक्कही गेला. ज्यांनी वसाहत वसवली त्यांच्याच नातवंडांना तीत मत नव्हते. आणि कॅल्व्हर्ट घराण्याला जहागीर परत मिळाली ती १७१५ साली, घराण्याने कॅथॉलिक पंथ सोडल्यानंतर.

अशा काळात चार्ल्स कॅरल वाढला. घर गडगंज श्रीमंत. पण कॅथॉलिक शाळा काढण्यास बंदी म्हणून मुलाला समुद्रापार फ्रान्समध्ये शिकायला धाडावे लागले. लंडनमध्ये कायदा वाचून तो १७६५ साली परतला, तेव्हा वकिलीचे दार त्याला बंदच होते. १७७३ मध्ये गव्हर्नरने केवळ आपल्या जाहीरनाम्याने सरकारी अधिकाऱ्यांची शुल्के ठरवल्याचा वाद पेटला. डॅनियल ड्यूलनी या नामांकित वकिलाने वृत्तपत्रात ‘अँटिलॉन’ या नावाने सरकारची बाजू मांडली. ‘फर्स्ट सिटिझन’, म्हणजे पहिला नागरिक, या सहीने कॅरल उत्तर देऊ लागला. ज्याला मत नाही त्याने हे नाव घ्यावे, यातली खोच अ‍ॅनापोलिसच्या वाचकांना कळल्यावाचून राहिली नसेल. शुल्क हा करच, आणि कर लोकप्रतिनिधींच्या संमतीवाचून बसत नाही, हा त्याचा मुद्दा. ड्यूलनीने त्याच्या पंथावर बोट ठेवले. कॅरलने आपला मुद्दा सोडला नाही. त्या वर्षीच्या निवडणुकीत शुल्कविरोधी उमेदवार निवडून आले व त्यांनी ‘पहिल्या नागरिका’चे जाहीर आभार मानले.

तीनच वर्षांनी, १७७६ मध्ये, कॅरल राज्याची घटना घडवणाऱ्यांत होता आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा एकमेव कॅथॉलिक ठरला. सह्या करणाऱ्यांपैकी सर्वांत शेवटी, १८३२ साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी तो निवर्तला. त्याच्या मळ्यांवर शेकडो गुलाम राबत होते, हेही येथे सांगितलेच पाहिजे.

नव्या घटनेने सर्व ख्रिस्ती पंथांना समान संरक्षण दिले. ज्यू मात्र बाहेर राहिले. त्यांना सरकारी पदे खुली व्हावीत म्हणून १८१८ पासून झगडला तो टॉमस केनेडी, स्वतः ख्रिस्ती. त्यापायी त्याने विधिमंडळातील जागाही गमावली. कायदा झाला तो १८२६ मध्ये.

कॅरलनंतरचे मोठे नाव रॉजर टॉनी यांचे. १८३६ साली ते अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. त्या पदावरचे पहिले कॅथॉलिक. ज्यांच्या पणजोबांना मत नव्हते त्या समाजातील हा माणूस, पण १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात त्यांनीच निकाल दिला की काळ्या वंशाचा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. हक्क हिरावले जाण्याची आठवण माणसाला दुसऱ्याविषयी उदार करतेच असे नाही. अ‍ॅनापोलिसच्या राज्यभवनासमोर १८७२ पासून उभा असलेला त्यांचा पुतळा २०१७ मध्ये हलवण्यात आला.

त्याच सुमारास ‘नो-नथिंग’ नावाचा कॅथॉलिकविरोधी पक्ष बाल्टिमोरच्या रस्त्यांवर मतदारांना दंडेलीने अडवीत होता. १८५६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याचा उमेदवार फिलमोर देशात एकच राज्य जिंकू शकला, आणि ते नेमके मेरीलँड! त्यानंतर वीस वर्षांनी कॅरलचा पणतू जॉन ली कॅरल त्याच राज्याचा गव्हर्नर झाला.

कॅथॉलिक माणूस पोपची आज्ञा पाळील की राज्याची, हा जुना आक्षेप मात्र बराच काळ रेंगाळला. २०११ साली बाल्टिमोरच्या आर्चबिशपांनी कॅथॉलिक गव्हर्नर मार्टिन ओमॅली यांना पत्र लिहून समलिंगी विवाहाच्या कायद्याचा पुरस्कार करू नये असे कळवले. ओमॅलींनी पुरस्कार केला, १ मार्च २०१२ रोजी विधेयकावर सही केली, आणि नोव्हेंबरमध्ये राज्यातील मतदारांनी सार्वमताने ते कायम केले.