सर्व्हरचा ताप आणि त्याचे निदान

‘सर्व्हर बंद आहे’ हे शब्द बँकेच्या खिडकीपाशी आज कोणाच्या कानी पडले नाहीत? सर्व्हर म्हणजे अनेकांच्या मागण्या एकाच वेळी पुरविणारा, रात्रंदिवस चालणारा संगणक. तो अवचित थांबला की दोष विजेचा की उष्णतेचा, असा वाद सुरू होतो. आमच्या मते हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत.

संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. ५०० वॅटचा सर्व्हर म्हणजे ५०० वॅटची शेगडीच! १९४६ साली अमेरिकेत जाहीर झालेला एनिॲक हा संगणक सुमारे १५० किलोवॅट वीज घेई, आणि त्यालाही गार राखण्यासाठी मोठ्या पंख्यांनी वारा घालावा लागे. आजच्या सर्व्हरमध्ये हवा तापली की पंखे वेगाने फिरू लागतात. पंख्याचा वेग दुप्पट झाला तर त्याला वीज सुमारे आठपट लागते. म्हणजे उष्णतेने विजेचा भार वाढतो आणि त्या भाराने पुन्हा उष्णता वाढते.

मग निदान कसे करावे? प्रथम यंत्राची स्वतःची नोंदवही वाचावी. तापमान, पंख्यांचा वेग आणि विजेचा दाब यांवर लक्ष ठेवणारी एक लहानशी चिप सर्व्हरमध्ये असते. बारा व्होल्टांचा दाब साधारणपणे ११.४ ते १२.६ च्या दरम्यान असावा. वीजपुरवठ्याच्या पेट्या बहुधा दोन असतात. एकेक काढून दुसरीवर यंत्र चालते का, ते रात्री काम थोडे असताना पाहावे. दोन्हींवर मिळून एकीच्या शक्तीबाहेरचा भार असेल, तर ती जोडी नुसती दिखाऊ ठरते. पेटी मात्र उघडू नये. तार काढल्यावरही आतील कपॅसिटरांत विजेचा साठा राहतो.

त्यानंतर हवेची वाट तपासावी. आत शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असणे इष्ट. धूळ आणि थांबलेला पंखा हे नेहमीचे अपराधी. पुष्कळजण झाकण काढून समोर घरचा पंखा लावतात. त्याने अपायच होतो, कारण झाकणामुळे नेमक्या तापणाऱ्या भागांवरून जाणारी हवा आता भलतीकडेच पसरते.

१९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडात उष्म्याने ४० अंशांची मर्यादा ओलांडली, तेव्हा लंडनमध्ये गूगल व ओरॅकल यांच्या केंद्रांतील शीतयंत्रणा निकामी झाल्या आणि काही यंत्रे मुद्दाम बंद करावी लागली. त्यात शहाणपणच होते. तापलेला सर्व्हर आपण होऊन थांबतो, तोही स्वतःला वाचविण्यासाठीच. कारण न शोधता पुन्हापुन्हा कळ दाबणे म्हणजे उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार बसविणे होय. ती तार दिवा लावते खरी, पण घराची राखण करीत नाही.