सातबारावर नाव कुणाचं?

२०१९ ची दिवाळी आमच्या हरसूलकडच्या बायका विसरलेल्या नाहीत. क्यार वादळ तिकडे अरबी समुद्रात, आणि पाऊस आमच्या खाचरात! कापून पसरलेलं भात पाण्यात तरंगत होतं. लोंब्यांना जागच्या जागी कोंब फुटले, नागलीची कणसं काळी पडली. पेंढा कुजला, म्हणजे गुरांचंही गेलं.

त्या नोव्हेंबरात राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी खरिपासाठी हेक्टरी ८ हजार रुपये, दोन हेक्टरपर्यंत, मदत जाहीर केली. बचत गटाच्या बैठकीत मी पेपरातली ती बातमी मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली. मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, जमीन सासऱ्याच्या नावावर हाय. सासरा जाऊन नऊ वर्सं झाली. पैसं कुणाला देतील?"

मी गप्पच झाले.

राब भाजण्यापासून आवणी, कापणी, झोडणीपर्यंत सगळं या मावशींनी केलेलं. नवरा द्राक्षाच्या हंगामात गिरणाऱ्याच्या नाक्यावर मजुरीला उभा. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा सडलेलं भात दाखवायला बांधावर याच उभ्या होत्या. पण मदत जाते ती कागदावरच्या नावाने, त्याच्या बँकखात्यात. मयताच्या नावावर जमीन राहिली की मदत अडकते. पीककर्ज, विमा, सगळीकडे तेच.

वारस नोंद का केली नाही, विचारलं. "दीर म्हणत्यात, नावं लागली की वाटण्या होत्याल." ही भीती घरोघरी आहे. पण मैत्रिणींनो, नाव लागलं म्हणून लगेच जमीन वाटली जात नाही. सगळ्या वारसांची नावं एकत्रच लागतात. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन तलाठ्याकडे अर्ज करायचा. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, आपल्या तोंडी तलाठीच!) पीक पाहणीही मोबाईलवर वेळेत नोंदवायची, शेतात काय होतं याचा तोच पुरावा.

रक्कम मोठी असते असं नाही. २०२२ साली ठरलेल्या केंद्राच्या निकषात ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झालं तर जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये. राज्य कधी त्यात भर घालतं. वीस गुंठ्यांचे सतराशे म्हणा. शहरात एका हॉटेलच्या बिलात जातील. इथे पुढच्या वर्षीचं बियाणं त्यात येतं.

मावशींनी हट्ट धरला. दोन वर्षं गेली, हेलपाटे झाले, पण वारस नोंद झाली. नवरा, दोन दीर, नणंद. उतारा मला दाखवायला आणला तेव्हा मी विचारलं, "आणि तुमचं नाव?"

"माजं कुठून येईल?"

येतं की! शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती मोहीम चालवली होती. १९९२ च्या शासन निर्णयाने नवऱ्याने स्वतःहून अर्ज केला तर बायकोचं नाव सातबारावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. वनपट्ट्याला तर २००६ च्या कायद्यानेच नवरा-बायको दोघांची नावं हवीत. तुमच्या घरी पट्टा असेल तर आज काढून बघा.

मावशींनी रात्री जेवताना विषय काढला म्हणे. नवरा म्हणाला, "बघू."

त्याला आता तीन आवण्या झाल्या. अर्ज मी लिहून दिलाय. मावशींच्या पत्र्याच्या पेटीत, उताऱ्याखाली घडी करून ठेवलेला आहे.